कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा मुलगा

ऑगस्टचा तिसरा आठवडा आला की गाणे शिकणाऱ्या घरांतून गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर यांची आठवण हमखास निघते. १८ ऑगस्ट ही त्यांची जन्मतारीख आणि २१ ऑगस्ट ही पुण्यतिथी. जयंती आणि पुण्यतिथी यांच्यामध्ये अवघे तीन दिवस. संगीत विद्यालयांतून त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, मुले एखादे भजन म्हणतात, आणि त्यांच्या कार्याविषयी चार शब्द बोलले जातात. लाहोरचे विद्यालय, गाण्याची क्रमिक पुस्तके, तिकीट लावून केलेले जलसे, राष्ट्रसभेच्या मंडपात गाइलेले वंदे मातरम् या साऱ्यांचा त्यात उल्लेख होतो. लहानपणी त्यांची दृष्टी अधू झाली, ही गोष्ट मात्र एका वाक्यात उरकली जाते. त्या एका वाक्यात एका बापाची किती धावपळ दडली आहे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. आज तोच करावा असे मनात आहे.

विष्णुबुवांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. कृष्णाकाठचे हे पटवर्धनांचे चिमुकले संस्थान. मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. कीर्तनकाराचे घर म्हणजे काय, हे आपल्या जुन्या मंडळींना सांगावयास नको. पहाटे भूपाळ्या, दिवसा पाठांतर, रात्री देवळात कथा. झांजेचा आणि चिपळ्यांचा नाद घरातून कधी हालतच नाही. मुलाच्या कानावर साकी, दिंडी, अभंग आपोआप पडत होते. तरी मुलाने गवई व्हावे असे त्या घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तो शाळेत जात होता. चार बुके शिकून तो कोठे तरी कारकून, शिक्षक किंवा संस्थानचा कामगार झाला असता, तर वडील समाधानी झाले असते.

कुरुंदवाडपासून हाकेच्या अंतरावर नृसिंहवाडी. मार्गशीर्षी पौर्णिमेला तेथे दत्तजयंतीचा मोठा उत्सव असतो. पालखी निघते आणि शोभेची दारूही उडते. अशाच एका उत्सवात विष्णूच्या तोंडाजवळ दारूचा स्फोट झाला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. गाव लहान, जवळपास डोळ्यांचा वैद्य नाही. मिरजेचे पुढे नावारूपास आलेले मिशनचे रुग्णालय अजून निघावयाचे होते. वेळेवर उपचार झाले नाहीत. पुढे औषधपाण्याने थोडीबहुत दृष्टी परत आली, पण ती कायमची अधू राहिली. पुस्तकातली अक्षरे काही त्या डोळ्यांना पेलेनात, आणि शाळा सुटली.

शाळा सुटली असे आपण सहज म्हणतो. वास्तविक शाळेनेच त्याला सोडले, असे म्हणावयास हवे. मुलाची बुद्धी शाबूत होती, कान तल्लख होते, पाठांतर घरचेच होते. पण फळ्यावरचे दिसत नाही आणि बुकातले वाचता येत नाही, म्हणजे शिक्षण संपले, हा त्या काळचा सर्वमान्य न्याय होता. मास्तरांनाही तसेच वाटे, आईबापांनाही तसेच वाटे. यात कोणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. हिंदुस्थानात त्या वेळी अंध मुलांची एकही शाळा नव्हती. अमृतसरला ॲनी शार्प या बाईंनी अशी पहिली शाळा काढली ती १८८७ साली. मुंबईस दादरची शाळा १९०० सालची आणि ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल १९०२ सालची. बहिऱ्या-मुक्या मुलांची मुंबईची शाळा तेवढी १८८५ च्या सुमारास सुरू झाली होती. म्हणजे दिगंबरपंतांनी आपला मुलगा घेऊन सारा देश पालथा घातला असता, तरी त्या दिवसांत त्यांना दार ठोठावण्यासारखी एकही शाळा सापडली नसती.

येथे एका परक्या मुलाची आठवण येते. पॅरिसजवळच्या कूव्हरे गावात लुई ब्रेल हा खोगीर करणाऱ्या कारागिराचा मुलगा १८०९ साली जन्मला. तिसऱ्या वर्षी बापाच्या दुकानात खेळता खेळता अणकुचीदार आरी डोळ्यात गेली, एका डोळ्याचे दुखणे दुसऱ्यात उतरले आणि दोन्ही डोळे गेले. बाप अडाणी नव्हता, पण गरीब कारागीर. त्याने काठ्या करून दिल्या, लाकडी पाटीवर खिळे ठोकून अक्षरे चाचपडण्यास दिली असे सांगतात. गावच्या पाद्रीने मुलाला जवळ घेतले. गावच्या मास्तरने त्याला डोळस मुलांमध्ये बसवून घेतले. मग या मंडळींनी तेथल्या एका उमरावाला गाठले, त्याने पॅरिसला शब्द टाकला, आणि १८१९ साली दहा वर्षांचा लुई पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय शाळेत दाखल झाला. दहा वर्षांनी, १८२९ साली, त्याची सहा टिंबांची लिपी छापून निघाली. ती काढताना त्याने संगीत लिहिण्याचीही सोय तीत केली होती, कारण तो स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. आम्हां गाणाऱ्यांना ही गोष्ट विशेष जवळची वाटते.

कूव्हरेचा खोगीरवाला आणि कुरुंदवाडचा कीर्तनकार यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोघांनीही एकच गोष्ट केली: मुलाचे पुढे काय, हा प्रश्न त्यांनी घराच्या उंबऱ्याबाहेर नेला. डोळे गेलेले मूल माजघराच्या कोपऱ्यात बसवून त्याला दोन वेळा जेवू घालणे, ही त्या काळची रीत होती, आणि ती क्रूरपणाची मानली जात नसे. उलट तीच माया समजली जाई. अशा वेळी मुलाचा हात धरून परगावी जायचे, ओळख ना देख अशा मोठ्या माणसांपुढे उभे राहायचे, याला धैर्य लागते.

दिगंबरपंत विष्णूला घेऊन मिरजेस गेले. तेथे डॉक्टर भडभडे यांनी त्याचे डोळे पाहिले, उपचार केले. या डॉक्टरांचे नाव गाण्याच्या इतिहासात राहिले ते डोळ्यांच्या उपचाराहून दुसऱ्याच कारणासाठी. पोराचा गळा गोड आहे, कान तयार आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. जे गेले त्याचाच हिशेब सांगून हा वैद्य थांबला नाही. जे शिल्लक होते तेही त्याने पाहिले. असे वैद्य आजही थोडेच असतात. डॉक्टरांनी ही गोष्ट मिरजेच्या पटवर्धन अधिपतींच्या कानावर घातली, अधिपतींनी मनावर घेतले, आणि आपल्या पदरी असलेल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती मुलाला सोपविले. विष्णू तेव्हा पंधराएक वर्षांचा होता.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. आज आपल्या मुलाला मोठ्या गवयाकडे गाणे शिकावयास मिळाले, तर आईबाप पेढे वाटतील. तेव्हा तसे नव्हते. गवई म्हणजे गुणी पण बैठकीबाहेरचा माणूस. त्याचे गाणे ऐकावयाचे, त्याला शेला द्यावयाचा, पण पंगतीत बरोबरीने बसवावयाचे नाही. दरबारी गाण्याच्या घरांतून हे शल्य पिढ्यानपिढ्या चालत आले आहे, आणि आमच्याही घरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी ते ऐकले आहे. कीर्तनकाराला समाजात मान होता. तो देवाचे गातो, लोक त्याच्या पाया पडतात. त्या घरातला मुलगा ख्याल गाणारा गवई होणार, ही बापाच्या दृष्टीने एक पायरी खाली उतरण्यासारखीच गोष्ट होती. दिगंबरपंतांनी ती पत्करली. मुलाच्या अंगात जे आहे त्याला वाट मिळावी म्हणून बापाने आपला मान बाजूला ठेवला.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर पुरुष. ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडे अपार कष्ट सोसून त्यांनी ती मिळविली होती. दम्याच्या विकाराने ते हैराण असत. त्यांच्याकडचे शिक्षण म्हणजे गुरुगृहीचे शिक्षण. पाणी भरावे, पाय चेपावे, बुवांची लहर लागेल तेव्हा तालीम घ्यावी, आणि मिळालेले रात्ररात्र घोटून पक्के करावे. राजाश्रय असल्यामुळे विष्णूचे हाल इतर शिष्यांहून कमी झाले असतील, पण मेहनत कमी झाली नाही. सुमारे नऊ वर्षे त्याने ही विद्या घेतली.

एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटत आली आहे. गुरुमुखी विद्येचा हा जुना प्रकार अधू दृष्टीच्या मुलाला किती अनुकूल होता! फळा नाही, पुस्तक नाही, वही नाही. गुरूने म्हणावे, शिष्याने ऐकावे आणि म्हणावे. चूक झाली तर गुरूच्या हुंकारावरून कळावे. तानपुऱ्याच्या तारा बोटांनी लावाव्या, कानांनी तपासाव्या. अंध मुलांसाठी कोणी मुद्दाम आखलेली पद्धती असती, तर ती याहून फार निराळी झाली नसती. शाळेत जो मुलगा अपुरा ठरला, तोच या तालमीत इतरांच्या पुढे गेला. मुलगा तोच, शिकविण्याची रीत तेवढी बदलली होती.

मिरज सुटली ती १८९६ साली. गुरुशिष्यांत काहीसा दुरावा आला होता असेही म्हणतात. पण शिष्यमंडळींत एक हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती अशी. गावातल्या प्रतिष्ठितांची कसली तरी सभा होती. राजाच्या मर्जीतला म्हणून विष्णूला बोलावणे आले, पण त्याच्या गुरूला आले नाही. चौकशी करता उत्तर मिळाले की ते गवई आहेत. ज्याच्या पायाशी बसून आपण शिकतो त्याची गावात ही किंमत, हे त्या तरुणाच्या जिव्हारी लागले. गाण्याला आणि गाणाऱ्याला प्रतिष्ठा मिळवून द्यावयाची हा निश्चय तेथून झाला. हकीकतीतला तपशील कमीजास्त असेल, पण पुढच्या पस्तीस वर्षांत त्यांनी जे केले ते या निश्चयाशी तंतोतंत जुळते.

मिरजेहून निघाल्यावर ते फिरत फिरत आपल्या बडोद्यास आले. येथील राजघराण्याने त्यांचे गाणे ऐकले, आश्रय दिला. बडोद्यात त्या वेळी गाण्याची शाळा दहा वर्षांची झाली होती. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली होती, आणि गाणे कागदावर लिहिण्याची स्वतःची पद्धतही बसविली होती. १८९६ सालीच मौलाबक्ष निवर्तले. गाणे वर्गात, वेळापत्रकाने, फी घेऊन शिकविता येते हे जेथे प्रत्यक्ष चालू होते, त्या शहरातून विष्णुबुवा गेले, एवढी गोष्ट आपल्यापुरती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. पुढे ते सौराष्ट्रात गेले. राजकोटला त्यांनी राजवाड्याबाहेर, सर्व लोकांसाठी तिकीट लावून जलसा केला. गवयाने राजाची मर्जी सांभाळण्याऐवजी चार आण्यांचे तिकीट काढणाऱ्या श्रोत्याला धनी मानावे, ही त्या काळी मोठी धिटाई होती. गिरनारवर एका साधूने त्यांना पंजाबकडे जाण्यास सांगितले अशी कथा आहे. ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास करीत, व्रजभाषा शिकत, चिजा गोळा करीत ते उत्तरेस सरकत राहिले.

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. मराठी मुलखापासून इतक्या दूर, भाषा परकी, पाठीशी कोणी संस्थानिक नाही. लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारे हे विद्यालय होते. पहिल्या दिवसांत विद्यार्थी फिरकले नाहीत, पण बुवांनी नेम सोडला नाही. हळूहळू मुले आली. मग मुलीही आल्या, आणि भल्या घरच्या मुली गाणे शिकू लागल्या.

या विद्यालयासाठी बुवांनी पुस्तके लिहिली. संगीत बालप्रकाश, राग प्रवेश यांचे भाग एकामागून एक निघाले. त्यासाठी त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. मंद्र सप्तकाला टिंब, तार सप्तकाला उभी रेघ, मात्रांच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश भागांना निरनिराळ्या खुणा. या लिपीपेक्षा पंडित भातखंडे यांची लिपी सोपी, म्हणून पुढे तीच अधिक चालली, आणि शिक्षक या नात्याने मलाही तीच सोयीची वाटते. पण ज्याच्या डोळ्यांना छापील अक्षर सोसत नव्हते, त्याने उभे आयुष्य गाणे अक्षरांत उतरविण्यात घालवावे, यात एक निराळीच जिद्द आहे. ज्या वाटेने तो स्वतः शिकला ती वाट भाग्यावर अवलंबून होती: एक बाप, एक डॉक्टर, एक राजा आणि एक गुरू असे चौघे जुळून यावे लागले. दर मुलाला असे चौघे कोठून मिळणार? म्हणून पुस्तक हवे, वर्ग हवा, परीक्षा हवी. बुवांनी हे असेच बोलून दाखविले असे मी म्हणत नाही. त्यांच्या कामावरून मला तसे दिसते.

गंमत अशी की अमृतसर लाहोरपासून अवघ्या पंधरा-सोळा कोसांवर. शार्पबाईंची शाळा तेथे १९०३ पर्यंत होती, पुढे ती डेहराडूनला गेली. दोन वर्षे ही दोन विद्यालये शेजारी शेजारी चालत होती.

आता थोडे विषयांतर करतो, पण ते विषयाला सोडून नाही. विष्णु दिगंबरांच्या उदाहरणाचा आपल्या समाजाने एक सोपा अर्थ लावून घेतला. मूल आंधळे आहे ना, मग त्याला गाणे शिकवा! माझ्याकडे असे आईबाप वर्षाकाठी दोनतीन तरी येतात. नागपूरहून छिंदवाड्याला जाणाऱ्या रेल्वेवर सौसरच्या पुढे रामाकोना म्हणून गाव आहे. त्या बाजूला आमचे काही नातलग आहेत. मागे तिकडे गेलो असता एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला जाड भिंगाच्या चष्म्यातूनही थोडेच दिसे. त्याच्या शाळेने सुचविले होते की हा वाचनात मागे पडतो, याला पेटी शिकवा. मी मुलाला सा लावावयास सांगितला. चारदा सांगूनही तो लागेना. पण मघाशी त्याने मला अंगणातल्या बकऱ्यांचा हिशेब, विक्रीच्या भावासकट, तोंडी करून दाखविला होता. मी त्या बाईंना सांगितले की पेटी घेऊ नका. मुलाला पहिल्या बाकावर बसवून मागा, मोठ्या अक्षरांची पुस्तके मागा, आणि ते लेखी मागा.

त्या बाईंना वाटत होते की हे मागणे म्हणजे उपकार मागणे. तसे ते आता राहिलेले नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा अंधत्व आणि अल्पदृष्टी यांची वेगवेगळी नोंद घेतो. चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत, किंवा पसंत असेल तर खास शाळेत, विनामूल्य शिकण्याचा त्यात हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेची सूट या सवलती त्यात नमूद आहेत. कायद्याच्या व्याख्येत बसविले, तर विष्णु दिगंबर बहुधा अल्पदृष्टीच्या सदरात मोडले असते. पूर्ण आंधळा नाही आणि पूर्ण डोळसही नाही, अशा मुलाचे सर्वांत जास्त हाल होतात. कारण तो आळशी आहे की त्याला दिसत नाही हेच शिक्षकाला उमगत नाही.

रामाकोन्याकडच्या मराठी घरांची आणखी एक अडचण असते. घरी मराठी, शाळेत हिंदी. १९५६ पर्यंत राजधानी नागपूर, त्यानंतर भोपाळ. आणि २०२३ पासून पांढुर्णा हा जिल्हाच वेगळा झाला आहे. कागद कोठे करावयाचा, दाद कोणाकडे मागावयाची, यात माणूस गोंधळतो. पण लिपीची अडचण मुळीच नाही. १९५१ साली भारतीय भाषांसाठी जी एक ब्रेल ठरली, तीत एका ध्वनीला सर्व भाषांत सामान्यतः एकच खूण आहे. मराठी ब्रेल शिकलेल्या मुलाला हिंदी वाचण्यासाठी पुन्हा मुळाक्षरे गिरवावी लागत नाहीत. ही गोष्ट त्या आईला ठाऊक नव्हती, आणि तिच्या मुलाच्या शिक्षकांनाही नव्हती.

गाणे हीच आंधळ्याची एकमेव वाट नव्हे याचा दाखला त्याच मुलखाच्या शेजारी आहे. अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज विष्णुबुवांहून नऊ वर्षांनी लहान, जन्म १८८१ चा. नऊ महिन्यांचे असतानाच त्यांचे डोळे गेले. त्यांनी दुसऱ्याकडून ग्रंथ वाचून घेतले, ऐकून पाठ केले, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवून घेतले. वेदान्तापासून पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या मतांपर्यंत त्यांनी चर्चा केली. त्यांना गाण्याचेही अंग होते, पण जग त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून ओळखते ते विद्वत्तेसाठी. त्यांना वाचून दाखविणारी माणसे भेटली नसती, तर हे ग्रंथ झाले नसते.

असो. विष्णुबुवांकडे वळू.

लाहोरात त्यांनी उपदेशक वर्ग काढला. मुलांनी विद्यालयातच राहावे, सुमारे नऊ वर्षे विनामूल्य शिकावे आणि मग गावोगाव जाऊन गाणे शिकवावे, अशी योजना. आईबापांकडून तसा करार करून घेत. या नऊ वर्षांचा आकडा पाहिला की मिरजेतली नऊ वर्षे आठवतात. या मुलांनाही त्यांचे त्यांचे दिगंबरपंत, त्यांचे त्यांचे भडभडे मिळाले होते. मिरजेच्या विनायकराव पटवर्धनांना मिरज दरबारच्या शिष्यवृत्तीने १९०७ साली लाहोर दाखविले. आपल्या बडोदे राज्यातल्या जहाज गावात जन्मलेल्या ओंकारनाथ ठाकुरांना एका पारशी धनिकाने, शापुरजी मंचेरजी डुंगाजी यांनी, मुंबईस विष्णुबुवांच्या पायाशी नेऊन घातले. गरीब घरचा मुलगा आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी तरी चार माणसांतला माणूस, हा जोड या काळच्या सर्व गवयांच्या चरित्रांतून पुन्हा पुन्हा भेटतो. ज्यांना असा माणूस भेटला नाही त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, म्हणून ती आपल्याला ठाऊक नाहीत.

१९०८ साली विद्यालयाची शाखा मुंबईस निघाली आणि पुढे बुवांचा मुक्काम तेथेच पडला. सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली. तेथे वर्ग होते, वसतिगृह होते, छापखाना होता, वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना होता. संगीतामृत प्रवाह हे मासिक निघे. संगीत परिषदा भरत. बुवांचा आवाज दमदार, शब्दोच्चार स्वच्छ, पदरी भजनांचा मोठा साठा. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांतून ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकिनाड्याच्या अधिवेशनात अध्यक्षांनीच गाणे थांबविण्यास सांगितले असता त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

पण व्यवहारात ते कच्चे होते हे सांगितलेच पाहिजे. इमारत कर्जावर उभी होती. विनामूल्य शिकणाऱ्या मुलांचा खर्च, छापखान्याचा खर्च, परिषदांचा खर्च. जलशांच्या उत्पन्नातून हे भागेना. शेवटी सावकारांनी इमारतीवर जप्ती आणली आणि ती लिलावात गेली. ज्यांनी हजारो रुपये मिळविले आणि विद्यालयावर उधळले, त्यांना स्वतःचे म्हणून काही उरले नाही. भक्तांना यात वैराग्य दिसते. मला त्यात एका शिक्षकाचा ठोकळ हिशेब दिसतो, आणि त्याचे वाईट वाटते.

उत्तर आयुष्यात बुवा रामनामाकडे वळले. नाशिकला त्यांनी रामनाम आधाराश्रम स्थापिला. भगवी वस्त्रे, रामायणाची कथा आणि रामधून असा क्रम चालू झाला. कीर्तनकाराचा मुलगा फिरून कथेच्या आसनावर येऊन बसला. वडिलांचा मार्ग सुटल्याची खंत कोणाच्या मनात उरली असलीच, तर ती येथे फिटली असेल. घरात मात्र मृत्यूने वारंवार घाला घातला होता. अनेक अपत्ये लहानपणीच गेली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय तेवढा जगला. दत्तजयंतीच्या उत्सवात ज्याचे डोळे अधू झाले त्याने मुलाचे नाव दत्तात्रेय ठेवले, हेही लक्षात राहते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस विष्णु दिगंबरांचे देहावसान झाले. ज्या गावात बाप त्यांना हाताला धरून डोळे दाखवावयास घेऊन आला होता, त्याच गावात. वय एकोणसाठ. त्याच साली शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रवेशिका, मध्यमा, विशारद या त्यांच्या परीक्षा आज खेड्यापाड्यांतली मुले देतात.

दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांकडून तो फारसे शिकू शकला नाही. त्याला विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी तयार केले. चौदाव्या वर्षी, १९३५ साली, तो पंजाबात जालंधरच्या हरिवल्लभ मेळाव्यात प्रथम जाहीर गायला. वडिलांना मानणारे श्रोते त्या मुलखात अजून पुष्कळ होते. पुढे हाच मुलगा दत्तात्रेय विष्णु पलुसकर म्हणून साऱ्या देशाला ठाऊक झाला, आणि १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, गेला.